दर बुधवारी पाच ग्रॅम

काट्यावरचा आकडा स्थिर झाला. दोन किलो एकशे बारा ग्रॅम. सकाळी पेटी वाचकाच्या हाती दिली तेव्हा एकशे सतरा होता.

काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि पेटी आत पाठवून दिली. दहा ग्रॅमच्या आतला फरक विद्यापीठाच्या या आर्काइव्हमध्ये कुणी मनावर घेत नसे. जुना कागद हवेतला दमटपणा शोषतो, कोरड्या हवेत सोडून देतो.

नीरजाने मनावर घेतला होता. सत्तेचाळीस नंबरची पेटी दहा बुधवार दर वेळी पाच ग्रॅमने हलकी होत होती. आणि नेदरलँड्समध्ये लागोपाठ दहा बुधवार हवा कोरडी नसते.

दहाही बुधवारी पेटी मागणारा वाचक एकच होता. जयप्रकाशकाका. आइंडहोव्हनला चिपची यंत्रं जुळवण्यात उभी नोकरी काढलेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे, मंडळाच्या गणपतीत आरतीची पुस्तकं वाटणारे. शोभाकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. या पेटीतल्या देवनागरी कागदांची यादी काकूंनीच केली होती, हौसेने, बिनपगारी. तेव्हा काका त्यांना सोबत म्हणून येत. आता त्यांचं इथे काय काम होतं?

पेटीत विद्यापीठाच्या संस्कृतच्या प्राध्यापकांचा १८८५ ते १९०० सालचा पत्रव्यवहार होता. नीरजा विद्यापीठाच्या नेमक्या त्याच काळाचा इतिहास लिहीत होती. पेटीत पुण्याच्या एका शास्त्रीबुवांची दहा पत्रं होती, सगळी व्याकरणाच्या शंकांची, रटाळ. पण दोन वर्षांपूर्वी पेटीच्या तळाशी तिला त्यांच्या मुलीचं, गोदावरीचं, पत्र सापडलं होतं. साल १८९३. 'मागच्या बाकावर बसून ऐकेन, प्रश्न विचारणार नाही,' अशी तिने प्राध्यापकांकडे परवानगी मागितली होती.

स्कॅन करणाऱ्याने कोपऱ्यावर 'बुरशीचा डाग' अशी नोंद केली होती. नीरजाने पाहताक्षणी ओळखलं. हळद-कुंकू. शुभकार्याच्या पत्राला आपल्याकडे लावतात तसं. इथल्या कुणाला हे सुचणं शक्य नव्हतं. तिने कागदही तपासून घेतला. तो त्याच काळातला निघाला.

पुस्तकाचं सहावं प्रकरण त्या पत्रावर उभं होतं. शुक्रवारी पुस्तक छपाईला जाणार होतं. जूनमध्ये तिचं कंत्राट संपत होतं. पुस्तक गाजलं तर कायमची नोकरी, नाही तर नवऱ्याला इथे ठेवून पुण्याला परत. गोदावरीबद्दल तिने विभागप्रमुखांखेरीज कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. मूळ पत्र पेटीतून काढून तिजोरीत ठेवायला लावलं होतं.

गेल्या आठवड्यात तिने पेटी उघडून पाहिली. शास्त्रीबुवांचं एकच पत्र उरलं होतं. म्हणजे काकांना गोदावरीचा वास लागला होता. बापाच्या पत्रांवरून ते मुलीपर्यंत पोचणार आणि नीरजाच्या आधी कुठेतरी छापून मोकळे होणार.

काका लॉकरपाशी कोट चढवत होते. डोक्याला नेहमीची कानटोपी, वाचनखोलीतही न उतरणारी.

"काका, टोपी काढता का जरा?"

"अगं, चारचौघांत टक्कल दाखवायला लावतेस?"

"चारचौघं कुठे आहेत? मीच आहे. आणि मी वजनं बघितली आहेत. दहा बुधवारची."

काकांनी कोटाचं शेवटचं बटण लावलं. मग त्यांनी टोपी काढली आणि अस्तरातून चार घड्या घातलेला कागद तिच्यापुढे धरला.

"बाकीची नऊ?"

"घरी. शोभाच्या फोटोमागे."

"कुठे छापायला देणार होता?"

"छापायला?" काका हसले. "बाई गं, ही मी लिहिलीयत."

नीरजाने हातातला कागद उलगडला. पुन्हा मिटला.

"शोभाची केमो चालू होती. तरी बुधवार चुकवायची नाही. म्हणायची, एवढ्या ढिगाऱ्यात आपलं एक माणूस सापडू नये? मग मीच घातला एक शास्त्री. त्या काळच्या पत्रांची मागची पानं कोरीच असतात. पेटीतलंच एक कोरं पान काढून न्यायचं, पुढच्या बुधवारी लिहून परत ठेवायचं. वजन तेवढंच. हिरडा आणि हिराकसाची, जुन्या पद्धतीची शाई घरी शिजवली. तिला वास आला तर म्हणायचो, कढई साफ करतोय."

"त्यांना कळलं नाही?"

"ती जेवताना शास्त्रीबुवांच्या शंका मला समजावून सांगायची. मीच काढलेल्या शंका! दोन घास जास्त जायचे तिला."

"मग आता काढून का नेताय?"

"माझं तरी काय राहिलंय? उद्या कुणी हे खरं धरून लिहायला बसलं तर? विद्यापीठाचा इतिहास आहे तो. आम्हा नवराबायकोचा खेळ नाही. दुसऱ्या कुणाचं कशाला, तूच फसायचीस. मग मला वर तरी झोप लागेल का?"

त्यांनी टोपी पुन्हा घातली, कान नीट झाकले.

"फक्त अकरावं सापडेना. शास्त्रीबुवांच्या पोरीचं. गोदावरी, शोभाच्या आजीचं नाव. ते मी तळाशी ठेवलं आणि पुढच्या बुधवारी शोभा हॉस्पिटलात. वाचलंच नाही तिने. दहाही वेळा पेटी तळापर्यंत पाहिली मी." त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तू तर इथे रोज बसतेस. तुझ्या पाहण्यात आलंय कधी?"

"नाही, काका," नीरजा म्हणाली.