पहिलं ताट

नवरा जेवल्याशिवाय बाईने घास घ्यायचा नाही, असं सुभद्राबाईंना त्यांच्या सासूने शिकवलं होतं. तीस वर्षं त्यांनी ते पाळलं, आणि शामला सून होऊन आली तेव्हा तिलाही तेच शिकवलं.

त्या शनिवारी चार वाजले, तरी सातव्या महिन्यातली शामला चुलीजवळ भिंतीला टेकून उपाशी बसली होती. सुभद्राबाईंचा मुलगा आला, सायकल भिंतीला लावली आणि ढेकर देत म्हणाला, "मी तं महाल मोहल्ल्यात दोस्ताकडे खाऊन आलो. तू काहून थांबली वं?"

अगदी हेच सुभद्राबाई तीस वर्षं त्याच्या बापाच्या तोंडून ऐकत आल्या होत्या. त्यांनी हातातली पळी ठेवली आणि उद्यासाठी हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली.

रविवारी अकरालाच त्यांनी पाटाभोवती रांगोळी काढली, सवाष्णीला बसवतात तसं शामलाला कुंकू लावून बसवलं आणि पुरणाचं ताट वाढलं. शेजारी स्वतःचंही वाढून घेतलं.

बाहेरून आलेले त्यांचे यजमान रुपराव दारातच थबकले. "आज कोणत्या व्रताचं उद्यापन आहे वं?"

सुभद्राबाईंनी पोळीचा घास मोडला.



"तुमच्या मागून जेवाच्या व्रताचं."