कमलेशची कारागिरी

कोंढ्याच्या कमलेशनं आपल्या गिटारच्या ट्यूब अँप्लिफायरच्या ट्यूबा बदलल्या, कंडेन्सर बदलले, बोटं भाजून घेतली. संध्याकाळी गावभरचे मोटारपंप सुरू होऊन व्होल्टेज पडलं, बल्ब पिवळे झाले, की अँप असा गुरगुरायचा की कमलेश स्वतःच्याच कारागिरीवर फिदा व्हायचा. एवढ्या भारी मशीनला ही मरतुकडी लाइन शोभत नाही, म्हणून त्यानं वीजवाल्यांच्या मागे लागून गावात ट्रान्सफॉर्मरची नवी डीपी बसवून घेतली. गावानं हार घातला. घरी येऊन त्यानं तार छेडली, तर अँप शाळेतल्या प्रार्थनेसारखा सभ्य वाजला.

गळ्यातल्या हारासकट तो शेजारच्या ताराचंदकाकांकडे धावला. "काका, मोटर चालू करा न!"

"काहून गा? धानाची बांधी तं तुडुंब भरली."


"पाण्यासाठी नाही जी, व्होल्टेज पाडाले!"