दाढेची भूल

माझ्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी आमच्या उंटाची खालची दाढ किडली. डॉक्टरांनी जबड्याची नस सुईने बधिर करून ती उपटली, तोंडाला मुसकं बांधलं आणि बजावलं, "भूल उतरेपर्यंत सोडू नका. स्वतःचीच जीभ चावेल, त्याला कळणारही नाही."

ते गेल्यावर दादाने मुसकं सोडलं. याच तोंडावर त्याने वर्षानुवर्षं काठी चालवली होती. लोंबत्या ओठाला टिचकी मारून तो हसला, "काय राव, आज दात दाखवत नाहीस?"

मी म्हणालो, "दादा, मागे हो. तो तुझ्याकडेच बघतोय."

"बघू दे की. तोंडात जीव कुठाय त्याच्या?"

उंटाने शांतपणे मान खाली आणली आणि दादाची मान तोंडात धरली.

दादा त्याच दुपारी गेला, भूल उतरायच्या आत.