तीनशे आठची पेटी

सौदीतल्या हफ्र अल बातिनजवळच्या फार्मवरून लांडग्यानं चार दिवसांत नऊ कोकरं पळवली. फार्मचा मालक आणि नोकरांचा कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार, अबू मिशाल यानं नवी रायफल बाहेर काढली आणि आपला ड्रायव्हर, गुहागरचा नसरुद्दीन, याला गोळ्या आणायला पिटाळलं. दुकानदारानं कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, विचारलं, तेव्हा नसरुद्दीन गोंधळला. लांडग्याला मोठीच गोळी बरी, असं म्हणून त्यानं तीनशे आठची पेटी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कुंपणापलीकडच्या झुडपात करडं, केसाळ काहीतरी हललं. जीपच्या आडोशाला वाकून कफील गोळी भरू लागला, पण ती रायफलमध्ये शिरेना.

"ही दोनशे तेवीसची रायफल आहे, गाढवा!" तो दात खाऊन पुटपुटला. "लांडगा निसटला तर तुझा इकामा, इथं राहायचा परवाना, खलास. उद्याच्या विमानानं घरी जायचं."

"चूक झाली, शेख," नसरुद्दीन कसंबसं म्हणाला.

कफीलनं दुसरी गोळी दाबून पाहिली. तीही बसेना. तेवढ्यात झुडूप पुन्हा हललं.


मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेले कफीलचे म्हातारे वडील झुडपामागून उठले आणि आनंदानं ओरडले, "अरे, एक कोकरू जिवंत सापडलं रे!"