मागच्या नावाची पट्टी

जेवायला आजही वेळ मिळाला नाही, म्हणून दवाखान्यातल्या ईसीजीवाल्या ताईने कोल्ड्रिंकची बाटली उभ्याउभ्याच घशाखाली घातली. दिवसातली तिसरी. जोडीदारीण नोकरी सोडून गेल्यापासून दोघींचं काम तिच्या एकटीच्या गळ्यात होतं. सुट्टीचे अर्जही डॉक्टरांनी परत केले होते. पाचेक मिनिटांत छाती पुन्हा धडधडायला लागली.

सकाळीच ईसीजी काढायला आलेल्या एका मुलीला तिने दम भरला होता. "रिकाम्या पोटी कोल्ड्रिंक ढोसलंस की धडधडणारच. शांत बसायचं, पाणी प्यायचं, जातं आपोआप. पण गेलंच नाही, चक्कर आली, ठोके मागेपुढे पडायला लागले, तर अंगावर काढायचं नाही. कळलं?"

ती पाणी प्यायली. बसायला मात्र जमलं नाही. बाहेर बाकडं भरलेलं होतं. अर्ध्या तासात तिने तीन पेशंट उरकले. तिसरा पेशंट म्हणजे एक आजोबा; ते शर्टाची बटणं लावत घरी गेले, तेव्हा भिंत जराशी हलली. धडधड तशीच.

मग तिने दाराला कडी लावली, खाटेवर आडवी झाली, स्वतःच्याच मनगटांना चिमटे लावले आणि हात लांबवून मशीनचं बटण दाबलं. ईसीजीची पट्टी बाहेर येते न येते, तोच दार वाजलं. तिने घाईघाईने वायरी काढल्या आणि कडी उघडली.

डॉक्टर आत आले आणि पट्टी उचलून उभ्यानेच वाचायला लागले.

"आजोबांना घरी पाठवलंस? अगं, ठोके दीडशेच्या वर आहेत. एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. आधी फोन लाव, म्हणावं आत्ताच्या आत्ता परत या!"

तिने पट्टीच्या डोक्यावर पाहिलं. आजोबांचंच नाव. मशीनमधलं मागचं नाव बदलायला ती विसरली होती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

गप्प बसावं असं क्षणभर वाटलं. पण त्या म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला उगाच घोर कशाला?

"आजोबा ठणठणीत आहेत, सर. त्यांची पट्टी फाइलमध्ये आहे."

"मग ही कुणाची?"

ती खाटेच्या कडेवर टेकली. मनगटावर चिमट्यांचे लाल वळ अजून तसेच होते. डॉक्टरांची नजर तिथे गेली आणि त्यांनी हळूच स्टूल पुढे ओढलं.

"कधीपासून होतंय हे?"

"पहिला अर्ज दिला होता ना सुट्टीचा," ती म्हणाली, "तेव्हापासून."