पोटाचा फोटो

धावपट्टीवरून उडालेलं अजस्र मालवाहू विमान गच्चीवरून गेलं तेव्हा नुसता जल्लोष झाला. विमानांचे फोटो काढायला जमलेल्या सगळ्यांनी त्याचं तोंड टिपलं. शर्वरीने मात्र सवयीने त्याच्या पोटाचा फोटो काढला.

तिने तो मोठा करून बघितला. एका चाकाचं रबर फाटून लोंबत होतं.

"विमानतळावर फोन करते."

"वेडी आहेस का?" डिसिल्वाने तिचा हात धरला. "इथून फोटो काढायला बंदी आहे. मागच्या महिन्यात आपल्या सुहासला चौकीत बसवून ठेवलं, कॅमेराही गेला. वैमानिकाला कळलं असेलच की!"

"आणि नसेल कळलं तर?"

एकेकाने कॅमेरा पिशवीत कोंबला आणि जिना गाठला. डिसिल्वाही गेला.

फोनवरच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव सांगा. फोटो कुठून काढलात?"

शर्वरीने नाव सांगितलं, पत्ता सांगितला, फोटो पाठवला.

बऱ्याच घिरट्या घालून विमान परत आलं, तेव्हा धावपट्टीलगत अग्निशमन दलाचे बंब उभे होते आणि जिन्यात बुटांचा आवाज चढत होता. तिने कॅमेरा उचललाच नाही. हात घट्ट जोडून ती बघत राहिली. विमान टेकलं, ठिणग्या उडाल्या, धुराचा लोट उठला. ते एका बाजूला कललं, घासत गेलं आणि थांबलं.

"चला मॅडम, चौकीत," मागून हवालदार म्हणाला.

"येते ना," ती धुरावरची नजर न काढता म्हणाली. "आधी माणसं उतरू देत."