कबरी

"बाबा, पांढरी पानं कुठे गेली?"

सून पायरीवर झारी घेऊन उभी होती. सासूबाई इस्पितळातून घरी येणार म्हणून ती सकाळीच आली होती. अंगणातल्या जास्वंदीकडे बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"काढली," सासरे खुशीत म्हणाले. "रोग पडला होता गं. आठ दिवस हेच चाललंय. रोज डागी पानं शोधायची आणि फांदीसकट उडवायची. पसरू नये म्हणून जाळूनही टाकली. आता बघ, कशी हिरवीगार झालीय!"

चाळीस वर्षं त्यांनी कापडगिरणीत तपासनिसाची नोकरी केली होती. टाचणीच्या टोकाएवढा डागही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. डाग दिसला की खडूची फुली आणि ठाण बाजूला. झाडांकडे मात्र त्यांनी उभ्या जन्मात ढुंकून पाहिलं नव्हतं. बाग बायकोची. ती इस्पितळातून रोज फोनवर विचारायची, "माझी कबरी बरी आहे ना?" आणि हे छाती फुगवून सांगायचे, "तू ये तर खरी!"

"बाबा, तो रोग नव्हता. तिची जातच तशी, कबरी. पांढरा, गुलाबी, हिरवा, सगळे रंग एकाच पानावर. उलट नुसती हिरवी फांदी फुटली की आई ती लगेच कापायच्या. हिरवी जोमानं वाढते आणि बाकीच्या फांद्यांना खाऊन टाकते."

अकरा वर्षं 'कबरी, कबरी' ऐकत होते. असेल काहीतरी लाडाचं नाव, एवढंच त्यांना वाटलं होतं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. निघालो, वीस मिनिटांत पोचतो.

सासरे कुंपणाच्या कोपऱ्याकडे धावले. गुडघे टेकून राख उपसू लागले. एखादी काडी, एखादं अर्धं जळलेलं डहाळं. हाताला लागला तो निव्वळ कोळसा. कामात त्यांनी कधी हयगय केली नव्हती. इथेही केली नव्हती.

"दुसरं रोप मिळेल कुठे? आत्ता?"

"बाबा, वीस मिनिटांत?"

ते तसेच राखेत बसून होते, तेव्हा गाडी दाराशी थांबली. मुलाने आईला हात धरून उतरवलं. अंगाभोवतीची शाल तिने डाव्या बाजूला मुठीत घट्ट धरली होती. गाठ निघाली म्हणून डॉक्टरांनी छातीची ती बाजू पूर्ण काढली होती. पट्टी बदलायला नर्स आली की ती यांना म्हणायची, "तुम्ही बाहेर थांबा." आठ दिवसांत एकदाही तिने त्यांना आत राहू दिलं नव्हतं.

ती झाडासमोर थांबली.

"डागी म्हणून काढलीत?"

त्यांनी मान डोलावली. कोपरापर्यंत हात काळे झाले होते.

"तुमची नजर मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला बाहेर थांबवत होते."

ती सावकाश पायरीवर टेकली. झाडाकडे खालून वर बघत राहिली.

"एक सुटलाय तुमच्या हातून," ती म्हणाली. "तिथे, बुंध्याशी."

ते ओणवे झाले. मातीलगत एक कोंब फुटला होता. नखाएवढी दोन पानं, पांढरी, कडेला गुलाबी. डाग सुटल्याचा आनंद त्यांना जन्मात पहिल्यांदाच झाला.

"आता वरचं हिरवं काढा. नाहीतर त्याला खाईल."

त्यांनी कात्री उचलली. सगळ्यात जाड, सगळ्यात तजेलदार फांदी धरली. सकाळीच तिच्यावरून कौतुकाने हात फिरवला होता.

"पुढची पट्टी कधी बदलायची?" झाडाकडेच बघत त्यांनी विचारलं.

"उद्या. दहाला."

"मी आत थांबणार आहे."

तिची शालीवरची मूठ जरा सैल झाली.

"आणखी खालून कापा," ती म्हणाली.